रंगरावांची जोड

करंजखोलात कुणी कड्यावरून खाली उतरलं की गावाला उजेड मिळायचा, आणि कुणी वर जातो म्हणालं की गावाच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

कड्यावर माणसं आणि सामान वर-खाली नेणारे मोटरचे दोन पाळणे चालत. इंजिनियर सुलभाने शिरपतकाका पाष्ट्यांना ते दहादा समजावलं होतं. "काका, चढताना मोटर वीज खाते. उतरताना वजनच मोटरला फिरवतं, मग तीच मोटर वीज तयार करते. पूर्वी ती ब्रेकमध्ये तापून वाया जायची. आता हा ड्राइव्ह ती गावाला परत देतो. ही परतवीज."

"म्हणजे जावयाने खाल्लेलं सासऱ्याला परत?"

"तसंच. थोडं वाटेत सांडतं, एवढंच."

अख्खं गाव या विजेवर जगायचं, म्हणून नियम कडक. वर पायवाटेने जा, खाली पाळण्याने या. गुडघे गेलेल्याने आपल्याहून जड 'जोड' शोधावी, म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या पाळण्यातून उतरणारं वजन.

काकांचे गुडघे कधीच गेले होते, आणि वर दिलेल्या लेकीच्या मुलीचं बारसं शुक्रवारी. उतरणारे बटाटे, मध, पाहुणे, सगळं भातगिरणीने आपल्या विजेसाठी आधीच अडवून ठेवलेलं.

"एक आहेत," सुलभा जमिनीकडे बघत म्हणाली. "वरचे रंगराव ढेबे. पंच्याण्णव किलो. पण फार आजारी आहेत."

वरच्या माणसांची माती खालीच, नदीकाठी व्हायची. काकांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. "शिव शिव," ते म्हणाले, आणि संध्याकाळी रंगरावांना फोन लावला.

"कसं वाटतंय, रंगराव?"

"बरं नाही हो."

काकांना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. मग रोज फोन.

"आज पेज घेतली," रंगराव मंगळवारी म्हणाले.

"कुणी दिली?" काका एकदम तडकले.

"सुनेने. काका, सख्खी पोरं विचारत नाहीत इतकं तुम्ही विचारता. तुमच्या फोनसाठी जीव धरून आहे."

शुक्रवारी सकाळी सुलभाचा निरोप आला. "जोड मिळाली. रंगराव उतरतायत."

काकांच्या हातातली नातीची कुंची गळून पडली. "गेले?"

"नाही हो. आपल्या पायांनी पाळण्यापर्यंत आलेत. तुम्हाला भेटायचंय म्हणे."

"मग मी थांबतो."

"थांबलात तर जोड फुकट जाईल. बारसं आज आहे, काका."

काका पाळण्यात बसले.

अर्ध्या कड्यावर पाळणे समोरासमोर आले. काचेपलीकडे रंगराव उभे होते, हात जोडलेले, डोळे भरलेले. त्यांच्याच वजनाची वीज काकांना वर ओढत होती. काकांनी मान खाली घातली. पाळणा मात्र वरच चढत राहिला.