पाठमोरं घुबड

चहा ओतून घ्या, पोरांनो, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. ही गोष्ट आपल्या हमदानची. माझा सख्खा चुलतभाऊ, तेव्हा ऐकीव म्हणायची सोय नाही.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. रात्रीची नमाज आटपून हमदान फेरो राजांच्या थडग्यांच्या जुन्या डोंगराकडे निघाला, टर्की कोंबडीला खाऊ घालायला. सरकारनं आपली तिथली घरं पाडली, पण त्याच्या अंगणाची भिंत अजून उभी आहे आणि टर्की तिच्याआडच असते. नव्या घरात बायको तिला उंबऱ्यालाही शिवू देत नाही. खिशात कणकेच्या पाच गोळ्या, प्रत्येकीत दगडात कोरलेला एक शेणकिडा, जुन्या राजांच्या काळच्या ताइतासारखा. टर्कीच्या पोटातून सकाळी बाहेर पडला, की कालचा किडा हजारो वर्षांचा दिसतो. तरी हमदान गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, हा माझ्या हातचा.

ओळखूही यायचा. किड्याच्या पोटावर, लांबट कड्याच्या आत, जुन्या फेरो राजाचं नाव. आणि त्या नावातलं घुबड, म्हणजे त्या चित्रलिपीतला 'म', पाठमोरं. आमच्या आजोबांना ती लिपी वाचता येत नव्हती. त्यांनी मेणातला ठसा बघून नाव कोरलं, आणि ठशात सगळं उलटं. बाकीची चिन्हं पुढे सुधारली, घुबड राहून गेलं. तेव्हापासून ती आमच्या घराण्याची सही. हमदानला तिचा भारी अभिमान.

टर्कीनं पाचवी गोळी गिळली आणि ती एकदम भिंतीला चिकटून बसली.

मागून कोणीतरी म्हणालं, "माझं घुबड सरळ कर."

हमदान वळला. कोणी नाही... नुसतं चांदणं.

"सरळ कर. नाहीतर हात..."

उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत गार पडला. हलेना. त्या हातावर त्याचं घर चालतं, पोरांनो. हमदान घाबरला, खोटं कशाला सांगू. पण आजोबांचा विषय निघाला की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्यानं डाव्या हातानं कोरणी काढली.

"डावा आहे अजून," तो म्हणाला. "त्यानं तर याहून वाकडं कोरीन. महाराज, तुमच्या वंशातलं कोण उरलंय तुमचं नाव घ्यायला? माझ्या अडाणी आजोबांनी ते जन्मभर कोरलं. घुबड त्यांचं आहे. ते फिरणार नाही."

आणि कोरणी तशीच धरून उभा राहिला.



मग बोटांना मुंग्या आल्या. हात हलला. हमदान डोंगर उतरला, पण पळाला नाही; हे तो आवर्जून सांगतो.

सकाळी टर्कीखाली सहा किडे. पाच त्याचे. सहावा निळा, गुळगुळीत, कड्यात भलतंच नाव. आमची भाची रावया देवळांत गाईड आहे, तिला ती लिपी येते. तिनं किडा उन्हात धरला. दोनदा वाचला.

"मामा, राजाच्या कड्यात तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "हमदान."

त्यातलं घुबड मात्र... पाठमोरंच आहे.