दारातला काळा डाग

गौरम्मांनी कपाटातली डबी उघडली. पेनड्राइव्ह गायब!

लेक दामिनी जाऊन दोनच महिने झाले होते. चित्रकला शिकायला नांदेडला गेलेली पोर तापाचं निमित्त होऊन गेली. मागं उरलं तिचं कॉम्प्युटरवर काढलेलं, त्या पेनड्राइव्हमधलं शेवटचं चित्र. ते मोठं करून भिंतीवर लावायचं, एवढाच ध्यास माउलीनं घेतला होता.

अहमदपुरात छपाईचं दुकान चालवणारी उज्वला धावत आली. दामिनीची बालमैत्रीण ती.

“मावशी, चित्र अजून कुठं हाय का?”

“माझ्या फोनवर. तिनंच धाडलेलं.”

फोनवरच्या चित्रात उंबऱ्यावर बसलेल्या गौरम्मा. मागं दारात काळा डाग. उज्वलानं बोटांनी मोठं केलं, तर नुसते चौकोन.

“फोनवर येताना ह्यातले ठिपके गळाले. चार फुटांच्या कागदावर हे फुटणार, तुमचं तोंडबी ओळखू येणार न्हाई. कपाट कोण उघडतं?”

“मी अन् हे.”

शंकरप्पा बंद टीव्हीपुढं बसले होते. टीव्ही भिंतीपासून तिरका सरकलेला होता.

“आप्पा, पेनड्राइव्ह पाहिला?”

“न्हाई.”

“चित्र तरी?”

“हिच्या फोनवर. एकदाच.”

“मग फोनवरचंच छापते.”

“नको!” शंकरप्पा कडाडले. “मी असा पाठमोरा भिंतीवर? जल्मभर तेच बघू?”

गौरम्मांनी फोन डोळ्यांजवळ नेला. “अवो, ह्यात तुमी कुठून आलाव?”

“तेच तर, मावशी,” उज्वला हळूच म्हणाली. “फोनवर दारात नुसता डाग हाय. तिथं माणूस हाय, तोबी पाठमोरा, हे मूळ चित्र पाहिल्याबिगर कळत न्हाई. आप्पांनी ते टीव्हीला लावून पाहिलंय.”

चोर बाहेरचाच असतो, असं कुठं आहे? शंकरप्पांनी बंडीच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला. म्हातारा ढसाढसा रडत होता.

“चित्रं काढून पोट भरतंय का, म्हणलं मी तिला. निघाली त्या दिवशी तोंड फिरवून उभारलो. पोरीनं तेवढंच ध्यानात ठेवलं बघ.”

दुपारी दुकानात मशीनमधून कागद सरकत आला. गौरम्मांचा चेहरा, उंबरा, मग दार. पाठमोऱ्या माणसाचा एक हात मागं आलेला होता, आणि त्या हातात काहीतरी होतं.

“आप्पा, टीव्हीवर सगळे ठिपके मावत न्हाईत. कागदावर मावतात. बघा.”

“डबा!” शंकरप्पा कागदावर वाकले. “धपाटे होते. तोंड फिरवूनच दिला होता मी.”

त्यांनी त्या डब्यावर बोट टेकवलं. शाई अजून ओली होती. उज्वलानं त्यांना अडवलं नाही.