ॲडजस्ट कोणी करायचं?

“मॅडम, जरा ॲडजस्ट करता काय?”

चिखलीहून अमडापूरला निघालेल्या एसटीत समताच्या शेजारी वह्यांची पिशवी होती. विचारणाऱ्याच्या हातात शिलाई मशीनचं डोकं.

“नाही,” ती म्हणाली.

“काऊन?”

“जागा पाहिजे तर जागा मागा. ॲडजस्ट हे क्रियापद मी अमडापूरला इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवते. नीट बसत नाही ते फिरवून जागेवर आणणं, असा त्याचा अर्थ. मी नीटच बसले आहे.”

तो हसला. “मंग जागा द्या.”

तिने पिशवी सरकवली... थोडीच. तो अर्ध्या सीटवर टेकला. नाव धम्मरत्न. बीबीत मशीन दुरुस्तीचं दुकान.

“आमच्या धंद्यातही ॲडजस्ट असते,” तो म्हणाला. “टाका बिघडला का लोक वरचाच धागा आवळतात. खालच्या धाग्याच्या बॉबिनलेही स्क्रू असते, तो कोणी पाहत नाही. मंग वरचा तुटते.”

समता खिडकीबाहेर बघत राहिली. कान मात्र आतच होते.

मग दर गुरुवारी तो त्याच एसटीत दिसू लागला.

“अमडापुरात एवढ्या मशीनी बिघडतात?”

“एकच बिघडली. मी दुरुस्त होऊ देऊन नाही राह्यलो.”

हिवाळ्यात तो आईला, तानाबाईंना घेऊन समताच्या चिखलीच्या घरी आला. रीतसर, बघायला. तानाबाईंना मुलगी पसंत पडली. चहा संपता संपता त्या म्हणाल्या, “लग्न झालं का क्लास बंद. बीबीहून रोज कसं जमन? बाईच्या जातीले ॲडजस्ट करा लागते, माय.”

क्लासात बेचाळीस मुली होत्या. समताने ट्रे खाली ठेवला.

“मग हे लग्न होणार नाही, मावशी.”

“समता!” वडील, भाऊराव, दबक्या आवाजात म्हणाले.

“बाबा, मला हे आवडतात. खूप आवडतात... तरी नाही.”

धम्मरत्नचे कान लाल झाले. तो आईकडे वळला. “आई, वरचाच धागा किती आवळशील? दुकान चिखलीले आणता येते. बेचाळीस पोरी बीबीले कशा नेता येतीन?”

“बायकोच्या गावाले जाऊन राहशील? लोक काय म्हणतीन बे?”

“म्हणू दे.”

तानाबाई उठल्या आणि चपला घालून बाहेर पडल्या.

पुढच्या गुरुवारी समता खिडकीशी बसली होती. शेजारी पिशवी. एसटी सुटता सुटता धम्मरत्न चढला. हातात मशीन नव्हतं. चिखलीतल्या भाड्याच्या गाळ्याची किल्ली होती आणि एक डबा.

“आई?” तिने विचारलं.

“बोलत नाही अजून. पण डबा देल्ला... दोघांचा.” तो दांडा धरून उभाच राहिला. “मॅडम, जागा देता काय?”

समताने वह्यांची अख्खी पिशवी उचलून मांडीवर घेतली.