वकिलाची कावीळ

"तू केळी राखतोयस की केळी खातोयस?" असा प्रश्न सुभद्रेने विचारला, तेव्हा ॲन्सेल्मच्या मुखात उत्तर देण्याइतकी जागा शिल्लक नव्हती.

उमेळे गावातील नरहरीकाकांच्या वाडीत मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना एकच काम नेमून दिलेले असे. सोललेली राजेळी केळी चटयांवर उन्हात वाळत पडलेली असत. त्यांची सुकेळी तयार होईपर्यंत कावळ्यांना हुसकावणे, हेच ते काम. बारा वर्षांची सुभद्रा ही काकांची पुतणी. हरेश्वर तिचा गिरगावातून आलेला चुलतभाऊ, तर ॲन्सेल्म शेजारच्या वाडीतला. कावळ्यांपेक्षा ॲन्सेल्मवरच अधिक पाळत ठेवावी लागे, ही गोष्ट निराळी.

इतक्यात हरेश्वर धावत आला. "ओसरीवर चला. कोणी शेठ आलाय आणि सरलाआत्या रडतेय."

सरलाआत्या ही काकांची धाकटी बहीण. तिचे यजमान कारवारच्या जंगलखात्यात नोकरीस होते. त्यांनी आणलेली डोंगरी मैना हाच त्यांच्या पश्चात तिचा सोबती होता. काळाभोर झगा, नारिंगी चोच आणि डोक्यामागे लोंबणाऱ्या कातडीच्या पिवळ्याधमक पाळ्या असा त्या पक्ष्याचा थाट असल्यामुळे सारे त्याला 'वकील' म्हणत. रोज दुपारी तो यजमानांच्या हुबेहूब आवाजात म्हणे, "सरू, चहा ठेव." आत्याही न चुकता "ठेवते" असे उत्तर देई. दिवंगत माणसाचा आवाज त्या घरात आता केवळ त्या चोचीत उरला होता.

ओसरीवर तुळिंजचे पक्षीविक्रेते दिवाकरशेठ गंभीर मुद्रेने बसले होते. त्यांच्यासमोर एक जुने छापील रंगीत चित्र उघडे होते.

"पाहा ताई, साहेबाच्या काळातलं चित्र आहे. निरोगी डोंगरी मैना ती ही. पाळ्या कशा बारीक, तपकिरी. आणि तुमच्या पक्ष्याच्या? फुगलेल्या, पिवळ्या. ही कावीळ आहे. आठवडाभरसुद्धा काढायचा नाही तो."

"पण तो खातो की चांगला," आत्या डोळे पुसत म्हणाली.

"काविळीत भूक वाढते," शेठ म्हणाले.

नरहरीकाकांनी घसा खाकरला. "छापलंय ना? मग खरंच असणार. छापणारे काय वेडे असतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी पक्ष्याला मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरले. आत्याचा विचार बदलू नये म्हणून चित्र तिथेच ठेवून शेठ निघाले. जाताना त्यांनी सायकलच्या कॅरिअरवरचा रिकामा पिंजरा पुन्हा आवळून बांधला.

"एक गंमत पाहिलीस?" हरेश्वर कुजबुजला. "पक्षी बघायच्या आधीच पिंजरा घेऊन आला होता."

दुपारी मुलांनी ते चित्र चटईजवळ आणले. ॲन्सेल्म एक सुकेळी चघळत त्यावर ओणवा झाला.

"ते तोंडातलं चित्रावर सांडशील हां," सुभद्रा म्हणाली आणि तिथेच थबकली. "ॲन्सेल्म, हात तसाच ठेव."

"आता मी काय केलं गो?"

"तुझी सुकेळी आणि चित्रातली पाळी. रंग एकच, सुरकुत्याही त्याच."

तिघेही वाकून पाहू लागले. चित्रातल्या पक्ष्याचा डोळा पांढरा होता. पांढरा कसला, कापसाचा बोळाच. पाय एकावर एक घेतलेले होते आणि त्यांवर दोऱ्याची गाठ स्पष्ट रंगवली होती.

"आमच्या मुंबईच्या संग्रहालयात मी असे पक्षी पाहिलेत," हरेश्वर सावकाश म्हणाला. "आत कापूस भरून वाळवलेले. चित्रकाराला जिवंत मैना मिळालीच नाही. समोर होतं ते त्यानं इमानानं काढलं. दोरासुद्धा सोडला नाही."

"म्हणजे ही मैनेची सुकेळी," ॲन्सेल्मने निकाल दिला.

सुभद्रेने रंगपेटी काढली.

दुसऱ्या दिवशी शेठ पिंजऱ्यासह हजर झाले. आत्याने वकिलाला शेवटचा घास भरवला होता. तेव्हा सुभद्रेने एक चित्र काकांपुढे धरले.

"काका, हे निरोगी केळं. बरोबर काढलंय ना?"

"हे केळं? अगो, ही तर सुकेळी."

"नाही काका, चित्रात केळं असंच आहे. त्यावरून पाहता वाडीतल्या केळ्यांच्या सगळ्या पिकल्या लोंगरांना कावीळ झालीय. मुंबईच्या डॉक्टरांना बोलवायचं का?"

काका हसणारच होते, पण त्यांची नजर बाजूच्या जुन्या चित्रावर गेली. पाळीवरून ती दोऱ्यावर आली आणि दोऱ्यावरून कापसाच्या डोळ्यावर खिळली. ज्या माणसाने जन्मभर केळी वाळवली, त्याला वाळलेली वस्तू ओळखण्यास इतका विलंब लागावा, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

"शेठ," ते म्हणाले, "हा पक्षी मेलेला आहे की हो."

"पोरांचं काय ऐकता!" असे म्हणत शेठनी घाईने वकिलाच्या पिंजऱ्यात हात घातला. वकिलाने त्या बोटाचा असा समाचार घेतला की शेठ ओसरीवरून थेट सायकलपाशी पोहोचले.

"बोट दाखवा हो डॉक्टरांना," ॲन्सेल्म काळजीने ओरडला. "कावीळ लागायची."

काकांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "मी छापील कागद बघितला, तुम्ही पक्षी बघितला. शाबास. आजपासून सुकेळी मोजणार नाही."

"मी मोजू देणारही नव्हतो," ॲन्सेल्म पुटपुटला.

वकील तेवढ्यात दुपारची वाट न पाहता पंख झटकून म्हणाला, "सरू, चहा ठेव."

"ठेवते," आत्या म्हणाली. तिने सर्वांसाठी चहा ठेवला आणि बशीभर सुकेळी मुलांपुढे सरकवली.

मैनेचे ते जुने चित्र काकांनी ओसरीवर टांगून ठेवले. शाळा सुरू होईपर्यंत वकील एक नवा धडा शिकला होता. काकांनी वर्तमानपत्र उघडले की तो आधी घसा खाकरी आणि मग विचारी, "छापलंय ना?"