लाबेस, मावशी?

बसा. दार तेवढं लोटून घ्या. आणि तू हसू नकोस, राजा, अजून सुरुवातही केली नाही मी. ही मुंजी नावाच्या नर्सची गोष्ट. इथे केफ गावच्या दवाखान्यातच, हाडांच्या वॉर्डात तो कैक वर्षं माझ्यासोबत होता. खोटं बोलायचं त्याला जमायचंच नाही.

सारं झालं ते एका शब्दापायी. आपल्याकडे विचारायचं "लाबेस?" आणि उत्तरही "लाबेस"च. बरं आहे ना? बरंच आहे. घर जळत असलं तरी माणूस लाबेसच म्हणणार. मबरूका मावशींचा खुबा बदलला होता. दुखणं शून्य ते दहात विचारायचं, पाय उघडून बघायचा, हे मुंजीला चांगलं ठाऊक होतं. पण तो दारातूनच विचारायचा, "लाबेस, मावशी?" आतून यायचं, "लाबेस, बाळा." की हा चालला पुढे. त्यांच्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती. ती छातीत गेली आणि मावशी गेल्या. मुंजीला ते आतून खाऊ लागलं. जेवायला बसला तरी म्हणायचा, "मी नीट विचारलंच नाही रे."

मावशींच्या चाळिसाव्याची रात्र, त्यांना जाऊन चाळीस दिवस झालेले. गुरुवार. मुंजी एकटाच ड्यूटीवर. चहाला पाणी आणायला किटली घेऊन निघाला आणि सवयीने खाटाखाटांना विचारत गेला. सादोक काकांचाही खुबा नुकताच बदलला होता. ते म्हणाले, "लाबेस. झोपू दे की आता."

शेजारची खाट मावशींची. रिकामी. तरी तोंडातून निघून गेलं...

"लाबेस?"

काही नाही. मग खाटेवरून...

"दहा."

किटली पडली. दिवे गेले. वॉकर सरकल्याचा आवाज. ठक... ठक... काकांच्या पायथ्याशी थांबला.

दिवे आले. कुणी नाही. काकांचं पांघरूण दूर सारलेलं. पोटरीवर बायकी रुमाल, सैल गाठ मारलेला. मुंजीने हात लावला. पोटरी गरम. टम्म फुगलेली.

"काका, खरं सांगा. दहापैकी किती दुखतंय?"

"...नऊ. तुला कशाला उगाच त्रास, म्हटलं."

डॉक्टरांना रात्रीच उठवलं. काका वाचले.

सकाळी मुंजी रुमाल घेऊन मावशींच्या मुलीकडे गेला. बघताच तिने तो ओळखला.

"आईचाच आहे. मी तर पेटीत कुलपात ठेवला होता. दवाखान्यात हाच तोंडात कोंबायची ती... कण्हणं तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून."

मुंजीने रुमालाचं टोक उलगडलं. दातांच्या खुणा होत्या.

ओल्या.