दुसऱ्याच्या हातची पुडी

१९८८च्या सप्टेंबरात पेडणे तालुक्यातल्या एका आरोग्यकेंद्रात मानसिक आजारावरच्या गोळ्या न्यायला दर गुरुवारी नऊजण येत. ऑक्टोबरात पाच आले, नोव्हेंबरात दोन. गोळ्या त्याच होत्या, डॉक्टर तेच, बसही तीच.

तिथली औषधं गौरवी देई. डिचोलीची, फार्मसी शिकलेली, पुराव्याशिवाय काही न मानणारी. जूनमध्ये ती रुजू झाली, पहिल्याच गुरुवारी एका तरुणानं खिडकीतून कार्ड पुढे केलं.

"शेवंती कोण?" तिनं कार्डावरचं नाव वाचून विचारलं.

"ती बाकावर बसलीय. तिच्या गोळ्या मी नेतो, बाई. माझ्या गोकुळदास नेतो, त्याच्या जानकी. रोज सकाळी एकानं दुसऱ्याच्या दारात जाऊन द्यायच्या. आपल्या गोळ्या माणूस विसरतो. दुसऱ्याच्या विसरायला लाजतो."

"हे नियमात बसत नाही."

"आम्ही तरी कुठं बसतो?" तो हसला.

हा सगुण, मोटरसायकलवरून भाड्यानं माणसं नेणारा पायलट. तीन वर्षांपूर्वी त्यानं पणजीच्या इस्पितळात दोन महिने काढले होते आणि ते तो लपवत नसे. ओवळीच्या झाडाखालच्या बाकावर नऊजण चहा पीत बसत, एकमेकांना विचारत, "न्हीद लागली?" झोपेची चौकशी हाच त्यांचा नमस्कार.

गौरवीनं तीन महिने प्रत्येकाच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकही उरत नव्हती.

संध्याकाळी सगुण तिला बसथांब्यावर सोडू लागला.

"धरून बसा, बाई."

"धरलंय की… सीटला."

"सीट पडत नाही. पडतं ते माणूस—"

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हा फक्त प्रयोग आहे."

"निष्कर्ष?"

"पुरावा अपुरा… उद्या पुन्हा करू."

चतुर्थीपर्यंत 'बाई'ची 'गौरवी' झाली होती. चतुर्थी सरताच ती म्हणाली, "बाबा तुझी चौकशी करायला येणार. दुकानात, देवळात, शेजारी… सगळीकडे विचारतील. तोवर त्या बाकावर बसू नकोस. तुझी पुडी मी गुपचूप तुझ्या हातात देईन."

"आणि शेवंतीची?"

"तिची तिला. सगळ्यांची ज्याची त्याला. नियमच आहे तो."

तो गाडीच्या आरशावरची धूळ पुसत राहिला. "तुझ्यासाठी… बरं."

चौकशी छान झाली. मुलगा सालस, निर्व्यसनी, असं बाबांना सगळीकडे ऐकायला मिळालं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी सगुण बाजाराच्या मधोमध गाडी सुरू ठेवून बसला होता. चार रात्री झोप नव्हती. जवळ येईल त्याच्यावर तो ओरडत होता.

"पायलटाक वारें लागलां!" गर्दीतून कुणीतरी हसलं. हवालदारानं दंडुका उचलला.

गौरवी धावत पुढे झाली. "सगुण, मी आहे—"

"लांब हो!"

मग शेवंती आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती सरळ त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. "न्हीद लागली रे?"

त्यानं चावी फिरवली. इंजिन थांबलं. "ना गो…"

"माकाय ना," ती म्हणाली.

दोघांना एकाच गाडीतून पणजीला नेलं.

सगुणच्या आईनं, प्रभावतीबाईंनी, गौरवीपुढे एक पत्र्याचा डबा ठेवला. आत दोन महिन्यांच्या पुड्या होत्या, न फोडलेल्या. वर गौरवीचं सुबक अक्षर.

जानेवारीत बाकावर पुन्हा माणसं बसू लागली. खिडकीत ओळखीचा हात आला.

"शेवंतीच्या गोळ्या द्या, बाई."

"बाबा नाही म्हणाले, सगुण. पण मी त्यांचं ऐकणार नाही. आपण—"

"तुम्हाला मी हवा होतो," तो शांतपणे म्हणाला, "बाक सोडून. तसा मी उरत नाही, बाई."

पुडी घेऊन तो बाकाकडे गेला. त्याची स्वतःची पुडी गोकुळदासनं आधीच नेली होती.

मार्चमधल्या वर्षअखेरच्या अहवालात एक रकाना रिकामा होता: 'रुग्ण घटण्याचे कारण.' गौरवीनं लिहिलं: 'ऑक्टोबरापासून प्रत्येकाची पुडी त्याच्याच हाती दिली. त्यामुळे कुणी कुणाच्या दारी गेले नाही. असे करण्यास मी सांगितले. माझे लग्न ठरायचे होते.'