काचेसारखा झालेला पालक

पालक मेला होता. निदान शाल्मलीला तरी तसंच दिसलं.

सकाळचे नऊ वाजले होते आणि आत्ता कुठे उजाडत होतं. परसातल्या वाफ्यावरचं काचेचं झाकण अर्धं उघडं होतं. कालपर्यंत ताठ उभी असलेली पानं मातीवर आडवी पडली होती. गडद हिरवी, कडक, काचेसारखी. तिने कालच स्वयंपाकघरातून उन्हाला आणून ठेवलेलं टोमॅटोचं रोप तर काळं पडून लोंबत होतं.



साल २०६१, डिसेंबरअखेर. बारा वर्षांची शाल्मली बाबा आणि आत्याबरोबर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका लहान बेटावर राहत होती. समुद्रातला उबदार प्रवाह मंदावल्यापासून तिथले हिवाळे फार कडक झाले होते. कामासाठी पलीकडच्या किनाऱ्यावर गेलेले बाबा वादळामुळे तिकडेच अडकले होते. नऊ दिवस बोट आली नव्हती. घरात चार दिवसांचे डाळ-तांदूळ उरले होते आणि हा वाफा.

झाकण उघडण्या-मिटण्याचं काम भोपळ्याचं. भोपळ्या म्हणजे त्यांचा नारिंगी, गोल यंत्रमानव. पण थंडीने त्याची बॅटरी काल दुपारीच बसली. आत्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. तिने शाल्मलीला झाकण लावायला पाठवलं. वारा असा घोंगावत होता, की अर्धं झाकण ओढून शाल्मली घाबरून आत पळाली.

“लावलंस ना गं?” आत्याने विचारलं होतं.

“हो,” ती म्हणाली होती.

आता ती धावत आत गेली आणि गरम पाण्याची किटली घेऊन आली. ओतणार, एवढ्यात दारातून आवाज आला.

“शाल्मली! खाली ठेव ती किटली! पानांना हातसुद्धा लावू नकोस!”

कुबड्यांवर रेलून आत्या उभी होती. निवृत्त होईपर्यंत तिने वनस्पतींचाच अभ्यास केला होता.

“आत्या, मी खोटं बोलले. झाकण नीट लावलंच नव्हतं. मला भीती वाटली. आता आपण खायचं काय?”

“खोटं बोललीस त्याचं नंतर बघू. भोपळ्याला विजेच्या तारेने जोड आणि वाफ्यातल्या तापमापकाचा रात्रीचा आकडा विचार.”

“उणे सहा अंश,” भोपळ्या खरखरला.

“हं. व्हरांड्यातली बादली बघ. पाणी गोठलंय?”

“दगड झालाय नुसता.”

“आणि शेजारची काकवीची बाटली?”

शाल्मलीने बाटली तिरकी केली. काकवी दाट झाली होती, पण हळूहळू सरकत होती. “ही नाही गोठली! का?”

“पाण्यात साखर विरघळली, की ते गोठायला जास्त थंडी लागते. पालक तेच करतो. पान लाखो पेशींचं (सजीवांच्या शरीरातल्या अगदी सूक्ष्म खोल्यांचं) बनलेलं असतं. शरद ऋतूत गारठा हळूहळू वाढला, की पालक पेशींमध्ये साखर साठवतो. याला शीत-कणखरपणा (थंडी सोसायची तयारी) म्हणतात. म्हणून तर ऑक्टोबरात मी दिवसा झाकण उघडं ठेवायचे.”

“पण पानं तर कडक झालीत!”

“बर्फ बहुतेक पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत झालाय. पेशींमधलं थोडं पाणी झिरपून तिथे गेलं, म्हणून पानं मरगळली. आत साखरेचा दाट रस उरलाय. आता तू पान वाकवलंस, तर बर्फाचे कण पेशी फाडतील. बर्फ सावकाश वितळला, तर पाणी परत आत जाईल.”

“आणि टोमॅटो?”

“तो उबेतलाच. त्याला ही तयारी जमतच नाही. त्याच्या पेशी फुटल्या.”

“पालक नक्की उठेल ना, आत्या?”

“मला खात्री नाही,” आत्या म्हणाली.

शाल्मली व्हरांड्यात बसून राहिली. दहा वाजले. काही नाही. अकराला फिकट ऊन वाफ्यावर आलं. पानांवरची चकाकी गेली, पण ती ओल्या फडक्यासारखी लोळत राहिली. सगळं संपलं, असं वाटून तिने डोळे मिटून घेतले.

पाऊण वाजता मधल्या ओळीतलं एक पान मातीपासून बोटभर वर आलेलं दिसलं. मग शेजारचं. दीड वाजेपर्यंत तीन ओळी उभ्या होत्या. उघड्या बाजूची चौथी मात्र उठली नाही.

“तीन उठल्या!” ती ओरडली. तिला एकदम रडू फुटलं.

आत्याने एक पान तोडून तिला अर्धं दिलं. ते चक्क गोड लागलं.

“उद्या पहाटे उणे दहा होईल,” भोपळ्या म्हणाला.

शाल्मलीने जुन्या गोधड्या गोळा केल्या, ऊन असतानाच झाकण घट्ट लावलं आणि वर गोधड्या पसरून दगड ठेवले. वारा सुटला होता. तरी शेवटचा दगड ठेवूनच ती आत आली.

“पानं आता वाढतील का गं?”

“आता नाही. दिवस फार लहान आहे, प्रकाश पुरत नाही. या दिवसांत फक्त जपायचं आणि थोडं थोडं तोडायचं. फेब्रुवारीत दिवस दहा तासांचा झाला, की हीच मुळं नवी पानं काढतील. मग मटार पेरू, आणि बर्फ पडायचा थांबला की घेवडा.”

शाल्मलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्यास्ताची वेळ पाहिली. आज तीन वाजून एकोणीस मिनिटं. उद्या, तीन वाजून वीस. दिवस वाढू लागला होता.